गोधडीतली खिडकी

माझ्या मावशीला कुणी स्वभावाने गरीब म्हटलं, तर खुशाल समजावं की तो माणूस तिला फक्त फोनवर भेटलाय. ती सकाळी उठते तीच नाकावर राग घेऊन. चहा झाला की तो राग जरा बाजूला ठेवते आणि शिवायला बसली की कुठे ठेवला ते विसरून जाते. म्हणून तिचं शिलाई मशीन चालू राहण्यात आम्हा सगळ्यांचंच भलं आहे. मशीन बंद पडलं की ती माणसं दुरुस्त करायला घेते, आणि मी तिच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहते.

तिची सगळी नोकरी पडद्यांच्या दुकानात गेली. खिडकीकडे नुसतं बघून कापड किती लागेल ते सांगायची आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा विचारलं की डोळे वटारायची. दुकानातले उरलेले तुकडे मालक टाकून द्यायला निघाला की हिचा जीव तुटायचा. ते सगळे पिशव्या भरभरून घरी आले, पलंगाखाली गेले, कपाटावर चढले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या गोधड्या व्हायला लागल्या. दर वर्षी वर्षअखेरच्या सुट्टीत एक. त्या दिवसांत शाळा बंद असतात, लोक रजा टाकून घरी येतात, थंडीही पडलेली असते. मावशी कुणालातरी ती गोधडी भेट द्यायची. चांदण्या, षटकोन, एकात एक गुंतलेली वर्तुळं, त्यात फुलं, फुलांच्या आत पुन्हा ठिपके. बघणारा वा वा करून थकायचा.

आणि मग ती गोधडी कपाटात जायची.

हे मावशीला कळलं ते मागच्या वर्षी, थोरल्या बहिणीकडे राहायला गेली तेव्हा. बहिणीने पाहुणीच्या पलंगावर मोठ्या प्रेमाने हिनेच दिलेली गोधडी पसरली. तिला डांबरगोळ्यांचा असा वास येत होता की मावशीला रात्रभर शिंका आल्या. सकाळी तिने विचारलं, तर बहीण म्हणाली, "अगं, इतकी सुंदर वस्तू रोज कशी वापरायची? तुझ्यासाठी म्हणून मुद्दाम काढली."

मावशी परत आली ती धुमसतच. मग तिने सगळ्यांना फोन करून चौकशी केली. कुणाकडे पलंगाच्या खणात, कुणाकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एकीने तर भिंतीवर काचेत लावलेली. पांघरत कुणीच नव्हतं.

पण खरा गुन्हेगार घरातच होता. तो म्हणजे काका, मावशीचे यजमान. हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळी करायचे. तिथलं त्यांचं एक खाकी कांबळं होतं, जाडं, राठ, अंगाला खाजणारं. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हे कांबळं घेऊन आले. तेच अंगावर घेऊन झोपायचे, तेच पायावर टाकून पेपर वाचायचे. घरात शिवणारी बाई असून नवरा त्या केसाळ कांबळ्यात अस्वलासारखा गुरफटून बसतो, हे मावशीच्या जिव्हारी लागलेलं होतं. तिने एकदा चांदण्यांची गोधडी त्यांच्या अंगावर टाकली, तर त्यांनी ती हळूच काढून नीट घडी घातली आणि म्हणाले, "छान आहे गं. खराब व्हायची उगाच."

या सुट्टीच्या आधी तिने मला खाली बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं, "ही शेवटची. ही करीन, आणि तुझ्या काकांनी पांघरली तर ठीक. नाहीतर मशीन देऊन टाकणार. तळमजल्यावरच्या शिंप्याशी बोलणं झालंय. सुट्टी संपली की तो घेऊन जाईल."

तळमजल्यावरचा शिंपी पँटा आखूड करून देतो. त्याचा डोळा मावशीच्या मशीनवर कधीचा होता. मी म्हटलं, "अगं, एवढ्या तेवढ्यावरून?"

"एवढं तेवढं?" मावशी म्हणाली. "कपाटं भरायला शिवू का मी? त्यापेक्षा टीव्ही बघीन आणि तुमच्याकडे लक्ष देईन."

ते 'लक्ष देईन' ऐकल्यावर मला घाम फुटला. त्या क्षणापासून ती गोधडी काकांच्या अंगावर पडावी असं मावशीपेक्षा मलाच जास्त वाटायला लागलं.

नव्या पद्धतीच्या गोधडीचं खूळ सुनेने डोक्यात भरवलं होतं. सून आणि मुलगा दुसऱ्या शहरात राहतात, सुट्टीला येतात. सुनेने फोनवर फोटो पाठवले होते. त्यात फुलं नव्हती, चांदण्या नव्हत्या. मोठाच्या मोठा एकरंगी पट्टा, आणि कुठेतरी एका बाजूला दोन तिरक्या रेघा. मावशीने चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि सुनेला फोन लावला.

"हे अर्धवट राहिलंय का?"

"नाही आई, पूर्ण आहे ते. मोकळी जागा हाच त्याचा भाग असतो."

"मोकळ्या जागेचे टाके कुणी घालायचे?"

"ते घालायचेच, आई. फक्त दिसायला साधं. म्हणजे लोकांना वापरायची भीती वाटत नाही."

हे शेवटचं वाक्य मावशीच्या डोक्यात बसलं. भीती वाटणार नाही अशी गोधडी. पण साधं करायचं म्हणजे नेमकं काय, ते सुचेना. पलंगाखालच्या पिशव्या निघाल्या, तुकडे इकडून तिकडे लागले, चार दिवस घरात पाय टाकायला जागा राहिली नाही. काका खुर्चीत पाय वर घेऊन, कांबळं गुंडाळून, बेटावर बसल्यासारखे बसून राहिले.

सुचलं ते भांडी घासताना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालची गाड्या लावायची जागा दिसते. एरवी तिथे इतक्या गाड्या असतात की जमीन दिसत नाही. सुट्टी लागली, लोक गावोगाव गेले, आणि खाली नुसती करडी फरशी उरली, वर पांढऱ्या तिरक्या रेघा. मावशी ओल्या हातांनीच वर आली आणि माझी बेल वाजवत राहिली. "खाली बघ," म्हणाली. मी घाबरून पाहिलं. मला वाटलं कुणी पडलं की काय.

"काय आहे?"

"गोधडी आहे," मावशी म्हणाली आणि निघून गेली.

तर करडं कापड निघालं, कुठल्याशा कचेरीच्या पडद्यांचं उरलेलं. पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. आता मांडून बघायचं. मावशीची मांडून बघायची रीत अशी की तुकडे घरात पसरायचेच नाहीत. ते दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत पसरायचे, आपण आत यायचं, दार लावायचं, आणि दाराच्या बारीक भिंगातून बाहेर पाहायचं. भिंगातून सगळं लांब आणि लहान दिसतं, त्यामुळे कुठे काय चुकलंय ते लगेच कळतं, असं तिचं म्हणणं. पडद्यांच्या दुकानात ती रस्त्यापलीकडे जाऊन पडदा बघायची. तिसऱ्या मजल्यावर रस्ता कुठून आणणार?

समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहतात. ते भाजीची पिशवी घेऊन आले आणि करड्या कापडाच्या काठावर थबकले. आतून मावशीचा आवाज आला, "भिंतीला धरून जा. पांढऱ्याला पाय लावू नका." डॉक्टर इकडे तिकडे बघत भिंतीला पाठ घासत आपल्या दारापर्यंत गेले. बंद दार आपल्याशी बोलतं याची त्यांना आता सवय झाली आहे.

मी आत मावशीच्या शेजारी उभी होते. तिने भिंगाला डोळा लावला, बाजूला झाली, पुन्हा लावला. "काहीतरी कमी आहे," म्हणाली.

मी पाहिलं. मला बरं वाटत होतं. तसं सांगितलं, तर म्हणाली, "तुला शाळेत पोरांच्या चित्रांना पण बरंच वाटतं." मी शाळेत चित्रकला शिकवते. हा टोमणा मी गिळला, कारण मशीनचा प्रश्न होता.

"मोकळी जागा आहे, पण घर रिकामं वाटावं तशी आहे," मावशी म्हणाली. "एक काहीतरी हवं. कुठे आणि काय, ते दिसत नाही."

मग तिने एक निळा चौकोन ठेवून पाहिला, उचलला. पिवळा ठेवला, उचलला. शेवटी वैतागून म्हणाली, "राहू दे. सुनेला मोकळं आवडतं ना, राहू दे मोकळं."

आता भरण. गोधडीच्या पोटात काय घालायचं? एरवी ती जुनी चादर किंवा कापूस घालते. या वेळी तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.

"ते कांबळं," मावशी म्हणाली.

"काकांचं?"

"जुनं कांबळं भरणाला एक नंबर. ऊब तीच, वर मऊ कापड. आणि त्यांना ते हवं असेल तर गोधडीसकटच घ्यावं लागेल. मग पांघरतील कसे नाही तेच बघते."

मला हे कपट फार आवडलं. काका पेन्शनच्या कामाला बाहेर पडले तसं आम्ही कांबळं ओढलं. खाली अस्तर, त्यावर कांबळं, वर शिवून जोडलेलं करडं-पांढरं कापड. कांबळं पसरताना त्याच्या पायथ्याकडे, एका बाजूला, एक ठिगळ दिसलं. कधीकाळी लाल असावं, आता विटकरी झालं होतं. वाकडंतिकडं कापलेलं, टाके एक लांब, एक आखूड, एका कोपऱ्यात दोऱ्याची गाठच गाठ.

मावशी खो खो हसायला लागली. "हे बघ. डोळे मिटून शिवलंय. पंपावरच्या कुण्या गड्याचं काम असणार. असा टाका माझ्या दुकानात कुणी घातला असता ना, त्याला मी चहा करायला बसवलं असतं."

मीही हसले. ठिगळावर करडं कापड आलं, टाचण्या लागल्या आणि ते दिसेनासं झालं.

काका परत आले आणि त्यांनी आधी खुर्ची पाहिली, मग पलंग पाहिला, मग दाराआड पाहिलं. मावशीने चेहरा सरळ ठेवून सांगितलं, "धुवायला टाकलंय."

"का?"

"वास येत होता."

"मला नाही आला कधी."

"तुम्ही आत असता ना."

त्यानंतरचे दिवस काकांनी एखादं माणूस दवाखान्यात ठेवल्यासारखे काढले. रोज सकाळी विचारायचे, "आलं का?" मावशी म्हणायची, "थंडी आहे, वाळायला वेळ लागतो." ती हाताने धावदोरा घालत होती, कारण एवढं जाड भरण मशीनखाली जाईना. गोधडी माझ्या घरी ठेवली होती, काकांचा डोळा चुकवून वर येऊन घालायची. माझ्या घरात दोरेच दोरे झाले. काकांना रात्री दुसरं पांघरूण दिलं होतं, पण त्यांना म्हणे ते ओळखीचं वाटत नव्हतं.

एके दिवशी ते स्वतःच धोब्याकडे गेले. धोब्याने कांबळं घेतलंच नव्हतं, पण पंचवीसेक गाठोडी उलटीपालटी केल्यावर त्या बिचाऱ्याला वाटलं की आपल्याच हातून हरवलं. तो काकांच्या पाया पडायचा बाकी राहिला. कुणी न्यायला न आलेलं एक गुलाबी फुलाफुलांचं ब्लँकेट त्याने काकांच्या हातात कोंबलं आणि म्हणाला, "साहेब, घरी सांगू नका."

काका ते गुलाबी ब्लँकेट घेऊन आले, कोपऱ्यात ठेवलं आणि खुर्चीत बसले. मावशीने विचारलं, तर म्हणाले, "हरवलं ते. त्याला काही बोलू नकोस, गरीब आहे." मग पेपर उघडला, पण पान उलटलं नाही.

मावशी माझ्याकडे वर आली. "मी जरा जास्त केलं का गं?" तिने विचारलं. हा प्रश्न मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. सांगून टाक म्हटलं, तर म्हणाली, "आता दोन ओळी राहिल्यात. उद्या मुलगा-सून येतायत. उद्याच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा-सून आले, बॅगा दारात पडल्या, चहा झाला. मावशीने गोधडी आणली आणि पलंगावर झटकून पसरली. खरं सांगते, सुंदर होती. सुट्टीतली शांत दुपार कुणीतरी उचलून आत आणावी तशी. सुनेने दोन्ही हात गालांना लावले. "आई, ही तुम्ही केली? तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त कळलंय." मुलगा म्हणाला, "ही खालची पार्किंगच आहे," आणि सुनेने त्याला कोपराने ढोसलं, तर मावशी म्हणाली, "बरोबर ओळखलंस."

सगळे काकांकडे बघत होतो. काकांनी गोधडीवरून हात फिरवला. "छान आहे," म्हणाले. आणि त्यांनी दोन कोपरे धरले आणि घडी घालायला सुरुवात केली. "सुनेला दे ही. नाहीतर कपाटात ठेव. खराब व्हायची उगाच."

मावशीचा चेहरा असा पडला की मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती ओरडेल असं वाटलं होतं. पण ती पलंगाच्या कडेला बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, "शिंप्याला सांग गं, मशीन आजच ने म्हणून."

"मशीन कशाला?" काका म्हणाले.

"मग काय करू ठेवून? माझ्या हातचं तुम्हाला अंगावर घ्यायला नको असतं. एवढ्या वर्षांत एकदा नाही घेतलंत. आणि तुमचं ते कांबळं हरवलं नाहीये, त्या बिचाऱ्या धोब्याला सांगा. ते हिच्या पोटात आहे. मी घातलंय."

काकांच्या हातातली घडी सुटली. त्यांनी गोधडी पुन्हा पसरली, पायथ्याकडे सरकले आणि दोन्ही हातांनी चाचपायला लागले, जसं अंधारात चष्मा शोधतात तसं. एका जागी थांबले. तिथे कापड जरा जाड लागत होतं.

"आहे," काका म्हणाले. "ठिगळ आहे."

"असेना. ते घाणेरडं ठिगळ. पंपावरच्या कुणी लावलं होतं ते?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तू लावलं होतंस."

मावशी हसली. "मी? मी असे टाके घालीन?"

"तेव्हा घालायचीस. आपलं लग्न झालं त्या थंडीत. पंपावरच्या शेगडीने कांबळं जळलं आणि मी तसंच घरी आणलं. तुला सुई धरता येत नव्हती. खोलीला एकच पडदा होता, लाल. त्याचा कोपरा कापलास तू. वर्षभर तो पडदा एका बाजूने आखूड होता, येणारेजाणारे आत बघायचे."

पडदा तिला आठवला, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. शिवणाच्या वर्गाला ती त्यानंतर गेली होती. सगळी हयात लोकांच्या खिडक्यांना माप लावणाऱ्या बाईला स्वतःच्या पहिल्या खिडकीचा पडदा ओळखता आला नव्हता.

"तुझ्या गोधड्या फार चांगल्या असतात," काका म्हणाले. ते एवढं बोलत नाहीत, त्यामुळे मध्येमध्ये थांबत होते. "पण त्या तू लोकांनी बघाव्यात म्हणून करतेस. हे ठिगळ तू मला थंडी वाजू नये म्हणून लावलंस. बोट टोचून घेतलं होतंस. रक्त आलं होतं."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. मग ती उठली, मशीनच्या खणातून लहान कातर काढली, पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "हात काढा तिथून."

"आई," सून म्हणाली, "काय करताय? पूर्ण झालीय ती."

"झाली नव्हती. मी भिंगातून बघितलं तेव्हाच म्हटलं होतं."

आधी तिने त्या जागेवरचा धावदोरा उसवला. मग वरचं करडं कापड चिमटीत धरून कांबळ्यापासून वर उचललं आणि त्यात कातर घातली. एवढ्या दिवसांचं काम, आणि ही कापत होती. ठिगळाच्या चारी बाजूंनी तिने करड्या कापडाला खिडकी पाडली, कडा आत दुमडल्या, बारीक टाक्यांनी बसवल्या. आतून ते विटकरी ठिगळ बाहेर डोकावलं, वाकडं, त्याच्या लांब-आखूड टाक्यांसकट आणि गाठीसकट. ते मधोमध नव्हतं, कोपऱ्यातही नव्हतं. जिथे शेगडीने जाळलं होतं, तिथे होतं.

सून मागे सरकली आणि बघत राहिली. "आई, आता खरी झाली," ती म्हणाली. "ही जागा कुणालाच ठरवून सुचली नसती."

"गाडी चुकीच्या जागी लावलीय कुणीतरी," मुलगा म्हणाला.

"राहू दे तिला तिथेच," काका म्हणाले. त्यांनी गोधडी उचलली, खुर्चीत बसले आणि पायांवर ओढून घेतली. ठिगळ गुडघ्यावर आलं, तसा त्यांनी त्यावर हात ठेवला. मग पेपर उघडला आणि पान उलटलं.

शिंपी सुट्टी संपल्यावर मशीन न्यायला आला. मावशीने त्याला चहा दिला आणि मशीन कामात आहे म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, ती धोब्यासाठी काहीतरी शिवत होती. त्याचं गुलाबी ब्लँकेट तिने स्वतः नेऊन दिलं आणि माफी मागितली, असं धोबी सांगतो. माझा विश्वास नाही. थोरल्या बहिणीला मात्र तिने माझ्यासमोर फोन केला आणि म्हणाली, "माझी गोधडी आजच्या आज पलंगावर घाल. नाहीतर कातर घेऊन येईन. मी आता कापते, विचार कुणालाही."

परवा सकाळी शाळेत निघाले होते, तर तिचा फोन आला. काकांच्या हातून गोधडीवर चहा सांडला होता, अगदी पांढऱ्या पट्टीवर. त्यांनी घाबरून त्यावर पेपर पसरून ठेवला होता आणि त्या पेपरवर हात ठेवून बसले होते. मावशीने पेपर उचलून पाहिलं, पुन्हा तसाच ठेवला, आत गेली आणि मला फोन लावला.

"डाग पडला गं," ती म्हणाली. पोरगं पास झाल्याची बातमी सांगावी, तशा आवाजात.